विमान दोघांचं, चौकशी एकट्याची

फोन आला तेव्हा मी सावली गावी भावाच्या घरी होते. धानाची कापणी सुरू होती, अंगणात बायका विळे घासत बसल्या होत्या. पलीकडून नसीम सरांच्या पत्नी शमीमभाभींचा आवाज एवढा शांत होता, की त्या सरांच्या प्रकृतीबद्दलच काही सांगताहेत असं मला वाटलं. “बाई, सर गेले. रस्त्यातच गेले.” मी विचारलं, कुठल्या रस्त्यात? त्या म्हणाल्या, “तोच. खोदून ठेवलेला.” सकाळी सरांच्या छातीत दुखायला लागलं. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि ‘रेफर’ केलं. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात हा इंग्रजी शब्द शाळेत न गेलेल्या म्हातारीलाही कळतो. रेफर म्हणजे गाडीत घाला आणि देवावर सोडा. पुढं रस्ता दोन वर्षांपासून उखडलेला, त्यात तांदळाचा ट्रक आडवा झालेला. ट्रक बाजूला होईपर्यंत अ‍ॅम्ब्युलन्स तिथंच उभी राहिली, आणि भाभींच्या मांडीवर डोकं ठेवून नसीम सर गेले...

त्याच संध्याकाळी कुणीतरी मला मोबाइलवर एका बातमीची लिंक पाठवली. मथळा होता, ‘बॉम्बर प्रकरणातील शिक्षकाचे निधन’. माणूस तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतो, अख्ख्या तालुक्याच्या भिंतींवर त्याच्या हातची अक्षरं असतात, आणि मेल्यावर तो एका ‘प्रकरणातला’ होतो. हा लेख मी त्या मथळ्यासाठी लिहिते आहे. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवत होते. त्या ‘प्रकरणा’त मीही अर्धी होते, हे कुठल्याच बातमीत आलं नाही.

नसीम सर चंद्रपूरचे. घरी सुतारकामाचं दुकान, आणि त्याला लागून मामूंचं रद्दीचं दुकान. लहानपणी त्या रद्दीत त्यांना एका इंग्रजी मासिकाचं सुटं पान सापडलं. त्यावर एका विमानाचं रेखाचित्र होतं, बाजूनं चिरून आतलं सगळं दाखवणारं. एकावर एक दोन पंख, मध्ये दांडे आणि तारा, बसायला एकामागं एक दोन जागा, खाली चाकांवर जाड मोज्यांसारखी टोपणं. नाव लिहिलेला कोपरा फाटलेला. त्या फाटक्या कोपऱ्यानं या माणसाची झोप उडवली. डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुलींचीही लग्नं व्हायला आली, तरी विमानाचं नाव कळेना. गावात इंटरनेट आलं तेव्हा कधीतरी त्यांना ते सापडलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्या प्रयोगशाळेत धावतच आले. “बाई, भेटलं! बीजी-वन! अमेरिकेच्या नेव्हीचं हाय. दोन महायुद्धांच्या मधातलं. जहाजावरून उडे.” मी म्हटलं, बरं, मग? “मग काय? डुबकी मारून बॉम्ब टाकाचं. अन् सांगू का बाई, लढाई लागाच्या आंधीच रिटायर झालं. एकपंखी नवे आले न, याले कोनी पुसलं नाई. भंगारात गेलं. मी समदं धुंडून पाह्यलं, दुनियेत एक पन शिल्लक नाई.”

मी त्यांना म्हटलं होतं, बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं काय एवढं कौतुक? त्यावर ते चिडले. चिडले की त्यांची मराठी थांबायची आणि हिंदी सुरू व्हायची. “अरे बाई, सुनो तो! बॉम्बर है, लेकिन जंग में किसी को मारा नहीं इसने. ऐसा कौनसा बॉम्बर है दुनिया में?” मी हसले. मग मात्र आमच्या दोघांच्याही डोक्यात ते विमान शिरलं.

आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुरखेड्याच्या पुढचं, जंगलाला लागलेलं, एवढं पुरे. तिथल्या पोरांनी विमान पाहिलं होतं ते आभाळात पांढरी रेघ काढत जाणारं. हेलिकॉप्टर मात्र सगळ्यांनी जवळून पाहिलेलं. ते आलं की कुणीतरी जखमी झालं किंवा मेलं, एवढं त्यांना माहीत. एका पोरीला सरांनी ‘उडणारी वस्तू काढ’ म्हटलं, तर तिनं हेलिकॉप्टर काढलं आणि खाली स्ट्रेचर. ते चित्र सर घेऊन आले, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “बाई, यायले बसाले विमान पाह्यजे.” तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं निमित्त होतंच. हवेचा दाब, पंखाचा बाक, सूर मारताना विमानाचं काय होतं, हे मी शिकवणार आणि विमान सर बांधणार. मुख्याध्यापकांकडे परवानगीचा अर्ज गेला तो आम्हा दोघांच्या सहीनं.

शाळेच्या मागच्या शेडमध्ये काम सुरू झालं. सांगाडा बांबूचा, दांडे सागाचे, वर मांजरपाटाचं कापड आणि त्यावर साबुदाण्याची खळ. खऱ्याच्या निम्म्या मापाचं. उडणारं नव्हतं, पण दोन पोरं आत ऐसपैस बसत. रंगावरून आमची चार दिवस भांडणं झाली. वरच्या पंखाचा वरचा भाग पिवळाजर्द हवा, असं सरांचं म्हणणं. मूळ विमानाचा तसाच होता, समुद्रात पडलं तर लांबून दिसावं म्हणून. मी म्हटलं, आपल्याकडे समुद्र कुठं आहे? पांढरं राहू द्या, रंगाला पैसे नाहीत. ते म्हणाले, “मग चंदेरी अन् पिवळं नसन तर मी करतच नाई.” असा हट्टी माणूस. शेवटी, भाभींनी घर रंगवायला आणलेला पिवळा रंग सरांनी त्यांना न विचारता उचलून आणला, आणि आठवडाभर घरात अबोला सोसला.

सूर मारण्याची गोष्ट पोरांना समजवावी लागली नाही. शिकरा कोंबडीच्या पिलावर येतो तसं, म्हटलं की संपलं. विमानानंच नेम धरायचा, नाक सरळ जमिनीकडं, आणि शेवटच्या घडीला बॉम्ब सोडून वर उचलायचं. पण बॉम्ब सुटला की विमानाच्या नाकावरच्या पंख्यात अडकेल ना? म्हणून पोटाखाली एक लोखंडी चिमटा असतो, तो आधी बॉम्बला खाली झुलवतो आणि मग सोडतो. सरांना तो चिमटा करायचाच होता. मग त्यात अडकवायचं काय? आठवीतल्या गोंडाच्या पोरांनी घरून तुंबा आणला. वाळलेला भोपळा, पाणी न्यायला वापरतात तो. सरांनी त्यात सीताफळाच्या आणि चारोळीच्या बिया भरल्या, तोंड मेणानं बंद केलं. दोरी ओढली की तुंबा झुलायचा, सुटायचा, खाली घमेल्यात पडायचा, आणि सगळी शाळा ओरडायची. सर म्हणाले, “बॉम्ब टाकाचा तर आपला टाकू.”

प्रदर्शन सव्वीस जानेवारीच्या नंतर होतं. त्याआधीच कुणीतरी शेडचा फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, ‘हे मास्तर कोणासाठी बॉम्बर बनवत आहेत?’ कुणी टाकला ते आजवर कळलं नाही. खरं म्हणजे कुणी शोधलंच नाही. शोध घ्यायचा होता तो फक्त आमच्या शेडचा.

पोलिसांच्या गाड्या आल्या तेव्हा माझा दहावीचा तास चालू होता. पोरांना मैदानापलीकडं नेऊन बसवलं. शेडला दोरी बांधली. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष स्वतः हजर होते. शेडचं कुलूप त्यांनी स्वतःच्या हातानं काढून दिलं. त्यांनी ते विमान महिन्याभरापूर्वी पाहिलं होतं. पुढच्या जागेवर बसून फोटोसुद्धा काढून घेतला होता. तिथं त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. “मी पाहिलं आहे, खेळणं आहे,” एवढाच. ते बोलले नाहीत. रुमालानं मान पुसत उभे राहिले.

मी दोरीपाशी गेले आणि तिथल्या अधिकाऱ्याला म्हटलं, साहेब, तो तुंबा आहे, आत बिया आहेत. “मॅडम, तुम्ही बाजूला व्हा. आत काहीतरी वाजतंय.” म्हटलं, बियाच वाजताहेत. “मॅडम, प्लीज.” मग अंगभर जाड कपडे घातलेला एक जवान आला, त्यानं तुंबा लांब काठीनं उचलला, धानाच्या मोकळ्या बांधीत, म्हणजे खाचरात नेला, भोवती वाळूची पोती रचली आणि तो उडवला. धप्प असा आवाज झाला. बिया उडाल्या. लांब बसलेली पोरं हसली. सर हसले नाहीत. नंतर पंखात काही लपवलं आहे का ते पाहायला त्यांनी पंख कापले. बांबू करवतीनं कापला आणि कापड हातानं टरटरा फाडलं. तो आवाज मी शेवटपर्यंत विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, ‘शाळेच्या आवारात बॉम्बसदृश वस्तू, शिक्षक ताब्यात, विमानाचे नकाशे जप्त’. नकाशे म्हणजे ते रद्दीतलं पान आणि पोरांनी काढलेली चित्रं.

ही गोष्ट ऐकणारा दर वेळी कुणीतरी म्हणतो, त्या बांधीत आता सीताफळाचं झाड उभं असेल, नाही? नाही. त्या बांधीत आता सिमेंटची पक्की वखार आहे. सगळ्या गोष्टींवर झाड उगवत नसतं.

सरांना ठाण्यात नेलं. मी भाभींना घेऊन मागोमाग गेले. मी सांगितलं, विमान आम्ही दोघांनी केलं आहे, अर्जावर माझी सही आहे, तुंब्याला मेण मी लावलं आहे, मलाही आत घ्या आणि विचारा. मला खुर्ची दिली. चहा दिला. “मॅडम, तुमचं काही नाही. तुम्ही कशाला त्रास करून घेता?” आतल्या खोलीत सरांना विचारत होते, चंद्रपूरचे नातेवाईक कोण, बाहेरगावी कुणाकुणाशी बोलणं आहे, हा नेमका बॉम्बरच का सुचला, प्रवासी विमान का नाही सुचलं. मला कुणी विचारलं नाही की, बाई, तुम्हाला बॉम्बर का सुचला? एकच विमान, एकच शेड, एकच अर्ज. माझं नाव वेगळं होतं, एवढाच फरक. तो चहा मी प्यायले नाही.

दिवसभर बोलवायचे, संध्याकाळी सोडायचे, सकाळी पुन्हा बोलवायचे. हे किती दिवस चाललं ते मोजायचं सोडून दिलं. एक दिवस म्हणाले, जा, काही निघालं नाही. मी म्हटलं, हे लिहून द्या. अधिकारी हसला. “काय लिहून देऊ मॅडम? काही झालंच नाही, तर काय लिहायचं?” झालंच नाही! पण संस्थेनं तोवर सरांना निलंबित केलं होतं आणि त्याचा कागद मात्र व्यवस्थित, शिक्क्यासह होता. सर घरी बसले. शेजारच्यांनी भाभींकडे ब्लाउज शिवायला देणं बंद केलं. शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला की कुणालातरी फळा पुसायची आठवण व्हायची. पुढं कधीतरी ‘मानवतेच्या दृष्टीने’ कामावर घेतलं. मी विचारलं, न्यायाच्या दृष्टीने का नाही? त्यावर माझी बदली झाली, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, जिवतीकडच्या डोंगरात, दुसऱ्या जिल्ह्यात. त्याचं मला काही नाही. तिथली पोरंही चांगली होती.

विमानाचे तुकडे परत मिळाले नाहीत. ते ठाण्याच्याच आवारात, जप्त केलेल्या गाड्यांच्या ढिगात पडून होते. सर दर काही दिवसांनी विचारायला जात. साहेब नाहीत, साहेब बंदोबस्तावर आहेत, साहेब बदलले. एकदा मला फोनवर म्हणाले, “बाई, आज पंख दिसला. एका मोटरसायकलवर टाकून राह्यले. उन्हानं सीट तापू नये म्हून.” मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? “काय म्हनू? पिवळा रंग अजून पक्का हाय, म्हटलं.” मी फोन ठेवला आणि ओट्यावरची परात उचलून भिंतीवर आपटली. त्या परातीला अजून पोचा आहे.

सर निवृत्त झाले, मुली आपापल्या घरी गेल्या, पण त्यांनी गाव सोडलं नाही. चंद्रपूरला चला, असं भावांनी किती सांगितलं. ते म्हणायचे, “काऊन जाऊ? मी काय केलं?” आम्ही कधी ईदला भेटायचो, कधी दिवाळीला. घराच्या मागच्या खोलीत काहीतरी ठोकाठोक चालते एवढं मला कळलं होतं. पण मी विचारलं की ते चहाचा विषय काढायचे.

शाळेत शोकसभा झाली, तिला मी गेले. तेच अध्यक्ष, आता केस पूर्ण पांढरे. माइकवर म्हणाले, “विद्यार्थ्यांच्या पंखांना बळ देणारा शिक्षक आपल्यातून गेला.” मी खुर्चीतून उठले. म्हटलं, पंख कापायला शेडचं कुलूप कुणी काढून दिलं होतं, तेही सांगा. कुणीतरी मागून म्हणालं, “बाई, ही वेळ नाही.” मी म्हटलं, मग वेळ कुठली होती ती सांगा, मी तेव्हाही आले होते. एवढ्यात कुणीतरी घाईघाईनं ‘दोन मिनिटं मौन’ म्हटलं, आणि सगळे उभे राहिले. इतकी वर्षं ज्यांनी मौन पाळलं त्यांनी आणखी दोन मिनिटं पाळलं.

सर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी भाभींकडे गेले. दुपारी जेवणं आटोपल्यावर अध्यक्षांची गाडी दारात थांबली. बरोबर दोन माणसं. खजूर आणले होते. टोपी सारखी करत बसले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, “भाभी, सरांनी घरी दुसरं विमान केलं, असं ऐकलं. शाळेच्या फाटकापाशी ठेवू. वर शेड घालू, नावाची पाटी लावू. सर फार मोठ्या मनाचे होते. त्यांनी कधी राग धरला नाही.”

भाभी उठल्या. म्हणाल्या, “चला, पाहून घ्या.” मागच्या खोलीचं दार उघडलं. मीही पहिल्यांदाच पाहत होते. अख्खी खोली भरून ते विमान उभं होतं. बांबू, साग, मांजरपाट, पोटाखाली चिमटा, वरचा पंख पिवळाजर्द. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पंख, मध्ये फक्त हात जाईल एवढी फट. अध्यक्षांनी विमान पाहिलं, मग दार पाहिलं. अडीच फुटांचं दार. “पण भाभी... हे बाहेर कसं काढायचं?”

“बाहेर काढाले बनवलंच नाई,” भाभी म्हणाल्या. “मी बी त्यायले विचारलं होतं. ते म्हने, बाहेर काढलं का लोक तोडते. आता तुमाले न्याचं असन, तर दोन रस्ते हाय. विमान तोडा, नाई तर भित तोडा. विमान तर तुमी एकडाव तोडलं. आता भित तोडा. दिवसाउजेडी, साऱ्या गावासमोर. अन् काऊन तोडून राह्यलो, ते माइकवर सांगा.”

ते गेले. खजुराचा डबा ओट्यावरच राहिला. भाभींनी तो शेजारच्या घरी देऊन टाकला.

मग त्या मला खोलीत घेऊन गेल्या आणि एक पाट लावून दिला, चढायला. मागची जागा उलट्या तोंडाची होती, शेपटीकडं पाहणारी. मूळ विमानात तिथं बंदूकवाला बसायचा. पहाटेच्या, फजरच्या नमाजानंतर सर चहा घेऊन पुढं बसत आणि भाभी मागं, पाठीला पाठ लावून. “मले त्यायचं तोंड नाई दिसे बाई, पर आवाज ये. लय बोलत. त्या कुलपाचं, त्या चहाचं, तुमच्या बदलीचं... समदं. रोज.” त्या अजूनही सकाळी तिथं जाऊन बसतात. मला म्हणाल्या, “बसा.”

मी म्हटलं, नको भाभी. मला आत्ता फार राग आला आहे. असा राग घेऊन त्यांच्या विमानात कशी बसू?

भाभींनी माझा दंड धरला. “कोन म्हनते त्यायनं राग धरला नाई? रोज राग घेऊनच बसत ते इथी. बसा तुमी.”

मी बसले.